कोशिंबिरीतलं कूट

मुलुंडच्या माझ्या दवाखान्यात एक रिक्षावाला मुलीला घेऊन आला. काही खाल्लं की तिचे ओठ सुजायचे, अंगावर गांधी उठायच्या. घरी स्वयंपाक तोच करायचा. बोलताना काहीतरी चिरत असल्यासारखा त्याचा हात हलायचा.

"शेंगदाणे खाते?"

"नाय मॅडम, दाणे देतच नाय."

"काल काय खाल्लं?"

"भात आणि काकडीची कोशिंबीर."

"कूट घातलं होतं?"

"ते तर घालणारच ना! त्याच्याशिवाय कोशिंबीर कशी होणार?" बोलता बोलता त्याचा हात हवेतच थांबला.

मुलीच्या हातावर वेगवेगळ्या पदार्थांचे थेंब टोचून तपासलं, तर दाण्याच्याच जागी गांध उठली. मी म्हटलं, "हिचं वेगळं रांधा."

"वेगळं कशाला? घरातलं कूटच बंद."

महिन्याने मुलीला घेऊन आला तेव्हा त्याने माझ्यासमोर डबा उघडला. कोशिंबिरीत ओलं खोबरं होतं.

"माझी आई रोज कटकट करते, चव नाय म्हणते. मी बोललो, होईल सवय. माझी पोरगी घरात वेगळं ताट घेऊन बसणार नाय."

मी चमचाभर खाल्ली. आईचं खरं होतं. मुलीने मात्र त्याच डब्यातला एक घास स्वतः खाल्ला आणि दुसरा बापाला भरवला.