ओबेड पेटिंगिलच्या पेटीचं झाकण

केझाया पेटिंगिल कायद्याला भिऊन वागणारी बाई होती. नवरा नदीत बुडाल्यापासून अकरा वर्षं तिने लाकूड कापायची गिरणी एकटीने चालवली, पण राजाच्या खुणेचा एकही ओंडका करवतीखाली घेतला नाही. वसाहतीतलं फूटभराहून जाड पाइनचं झाड म्हणजे समुद्रापारच्या राजाच्या जहाजांची डोलकाठी. राजाच्या माणसांनी कुऱ्हाडीच्या तीन घावांनी त्यावर बाण उमटवला, की ज्याच्या रानात ते झाड उभं त्याचाही त्यावर हक्क उरत नसे. बाकीच्या गिरण्या असे ओंडके चोरून कापत आणि रुंदीवरून चोरी उघडी पडेल या भीतीपोटी रुंद फळ्या उभ्या चिरून टाकत. केझाया तेही करत नसे. गावाने तिचं नाव ठेवलं होतं 'राजाची मेहुणी'.

त्या मार्चमध्ये तिचे सासरे ओबेड वारले. जाण्याआधी म्हणाले होते, "सत्तर वर्षं ही झाडं पाडली, केझाया. माझ्या शवपेटीवर जोडफळीचं झाकण घालू नकोस."

तिने हो म्हटलं नव्हतं, नाहीही म्हटलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने चाकावर पाणी सोडलं आणि आवारात न कापता पडून असलेला, बाणाची खूण असलेला ओंडका स्वतःच्या हाताने करवतीपुढे सरकवला. एकसंध फळी निघाली, वीस इंच रुंद. ती पाहून एमॉस सुतार चपापला. वरून काळं कापड घालू का, असं त्याने हळूच विचारलं. ती घाल म्हणाली.

दफनभूमीच्या वळणावर राजाचा वनाधिकारी जोथम वेअर दोन माणसं घेऊन घोड्यावर उभा होता. कुणीतरी चुगली केली असणार. त्याने टोपीही काढली नाही. पेटी खाली ठेवायला लावली, कापड बाजूला सारलं, पट्टी लावून मोजलं.

"बाई, हे झाकण राजाचं आहे. जप्त करावं लागेल."

"करा," केझाया म्हणाली. आपलाच आवाज तिला परका वाटला. "पण मामंजींना या बर्फात उघडं टाकून झाकण तुम्हालाच काढून न्यावं लागेल. आमच्यातलं कुणी हात लावणार नाही."

वेअरने आपल्या माणसाला, लेम्युएलला, खूण केली. पहिला खिळा करकरत वर आला. तिचा दीर पुढे सरसावला. तिने त्याचं मनगट घट्ट धरलं. दुसरा खिळा अर्धा निघाला आणि लेम्युएलचा हात थांबला.

"साहेब, कुऱ्हाड धरायला मला या म्हाताऱ्याने शिकवलंय. तुम्हीच काढा."

त्याने टाकलेली हातोडी बर्फात पडून राहिली. वेअरने भोवतालच्या तीसेक चेहऱ्यांवरून नजर फिरवली, तोही खाली वाकला नाही. गिरणी उद्यापासून बंद, एवढं बजावून त्याने घोडा वळवला.

दुसऱ्या दिवशी गिरणीच्या दारावर सरकारी मोहोर बसली. दुपारी गावकरी बैलांच्या घसरगाड्यांवर ओंडके लादून दारात येऊन थांबले. प्रत्येक ओंडक्यावर बाण होता. मेहुणी म्हणून हिणवणारे तेच लोक आता ती काय करते ते पाहत उभे होते. मोहोर तुटली की मागे फिरता येणार नाही, हे तिला कळत होतं. तिने एमॉसकडून कुऱ्हाड मागून घेतली आणि मोहोर फोडली.

पोर्ट्समथच्या कोर्टाने तिला तीनदा बोलावलं. ती गेली नाही. चौथं बोलावणं निघायच्या आत वसाहतीत राजाविरुद्ध बंड पेटलं आणि राजाचा गव्हर्नरच जहाजावर पळून गेला.

तरी रस्त्यावर घोड्याच्या टापा वाजल्या, की पुढे कितीतरी वर्षं ती करवत थांबवून आधी दाराकडे बघत असे.