मामांचा मांगूर रोह्याला जातो

मासे खाणारी माणसं पेणमध्ये घरोघर सापडतील, पण कालवणासाठी आणलेल्या माशाला मच्छरदाणी लावून निजवणारा माणूस साऱ्या तालुक्यात एकच झाला, आणि तो माझ्या बायकोचा मामा. घर रामवाडीत, नोकरी रोह्याच्या एका केमिकल कंपनीत, शिफ्टची. कंपनीतून सुटले की मामा घरी न येता थेट बाजारात जायचे आणि चष्मा कपाळावर चढवून मासळीच्या टोपल्यांपुढे उकिडवे बसायचे. घेणं क्वचितच, नुसती ओळख पटवायची. मिशीवाला मासा दिसला की त्याच्या डोक्यावरून बोट फिरवत, नाडी बघणाऱ्या वैद्यासारखे डोळे मिटायचे. मासळीवालीचा धंदा तोवर खोळंबायचा.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला एकदा त्यांनी वीतभर लांबीचा, मिशीवाला जिवंत मांगूर घरी आणला. मासळीवाली म्हणाली होती, "गावचाच हाय दादा, आमच्या तळ्यातला." मामांना ते पटलं नव्हतं. मला म्हणाले, "कवटीची मागची कड बघा, जावईबापू. गावठीची वेगळी, परदेशीची वेगळी. ह्याची धड अशी नाय, धड तशी नाय. हा संकर हाय. हातभर वाढंल." मामींनी मसाला वाटून ठेवला होता. तो त्या दिवशी बटाट्याला गेला.

मासा परसातल्या सिमेंटच्या टाकीत राहिला आणि वाढतच गेला. आधी गांडुळं, मग सुकट, मग कोंबडीची काळजं. पाणी विहिरीचं, तेही थोडं काढून थोडं घालायचं. "खवलं नायत त्याला, उघडं अंग हाय, झोंबतं," असं मामा अशा मायेनं सांगत, की ऐकणाऱ्यानं त्याला बंडी शिवून द्यावी. एका सकाळी तो टाकीबाहेर उडी मारून सरपटत मोरीपर्यंत आला. मोरीत मामी होत्या. त्यांनी तडक गागोद्याचं माहेर गाठलं. टाकीवर मच्छरदाणी चढली ती तेव्हा, आणि मगच मामी परतल्या. पुढे मासा खरंच हातभर झाला, तेव्हा मासळीवाली मुद्दाम बघायला आली, कमरेवर हात ठेवून बराच वेळ उभी राहिली आणि म्हणाली, "दादा, हा आमच्या तळ्यातला नाय. तुमचं खरं." मामांनी आळीत पेढे वाटले.

मग कंपनीनं रोह्याला क्वार्टर दिली. मामी म्हणाल्या, "अहो, सोडा की त्याला नदीत."

"नदीतल्या माशांची पोरंबाळं खाऊन टाकील तो," मामा म्हणाले. "आणि त्याला घरी मी आणला, नदीनं नाय."

शेजारच्या गणपतीच्या कारखान्याचा टेम्पो ठरला. मदत म्हणून मामींच्या भावानं पिंप काठोकाठ भरून, मासा आत टाकून झाकण घट्ट बसवलं. मामा धावत आले. "उघड आधी ते. बुडून मरंल तो."

मासा बुडून मरतो हे ऐकून आळी पोट धरधरून हसली. मामांनी शांतपणे अर्धं पाणी उपसलं. "हा वर येऊन हवा घेतो. वर जागाच नाय ठेवली तर घेणार कुठनं?" मग पिंपाला मिठी मारून ते पेंढ्यात बसले. मी शेजारी.

वडखळपर्यंत आत धडका चालू होत्या. नागोठण्यापुढे सगळं गप्प झालं. मामांनी पिंपाला कान लावला. "हलत नाय," म्हणाले, आणि त्यांचा चेहरा उतरला. टेम्पो थांबवला. मामांनी कोपरापर्यंत हात पाण्यात घातला आणि तसेच बसून राहिले. तेवढ्यात पाण्यातून एक रुंद तोंड वर आलं, मोठा घोट हवा गिळून खाली गेलं, आणि जाताना शेपटीनं आम्हा दोघांना न्हाऊ घालून गेलं. मामांनी चष्मा पुसला. बराच वेळ पुसत होते.

श्रावण चालू होता. कारखान्याचा टेम्पो बघून रोह्याच्या कॉलनीला वाटलं, यंदा गणपती लवकरच आले. एक बाई ओवाळणीचं ताट घेऊनच पुढे झाली. आत मासा बघून ती थबकली. मामा म्हणाले, "ओवाळा ताई, लांबून आलाय." तिनं ओवाळलं. त्या दिवशी मामांची मान जी ताठ झाली, ती कित्येक वर्षं तशीच होती.

मांगूर रोह्यात पुष्कळ जगला आणि म्हातारा होऊन गेला. मामा आता निवृत्त आहेत. परवा भेटलो तेव्हा म्हटलं, "दुसरा आणू या का?"

"नको," ते म्हणाले. "एवढा मोठा व्हायला त्याला वेळ लागतो. तेवढा वेळ माझ्यापाशी पायजे ना."