दाराची मागची बाजू

आधी त्या मोटेलवाल्या गुजराती बेनबद्दल लिहितो. कॅन्ससच्या सपाट माळावर, हमरस्त्याच्या कडेला तिचं बारा खोल्यांचं मोटेल आहे. तिने मला खोली दिली, ताटात गरम कढी-खिचडी वाढली आणि धड घरी पोचवलं. पुढे मी जे सांगणार आहे त्यात चिडचिड फार आहे. उपकार शेवटी सांगायला ठेवले की राहून जातात, म्हणून आधीच सांगून टाकलं.

मी बदलापूर गावातला. आठवीत शाळा सुटली आणि उल्हासनगरला डेंटिंगच्या गॅरेजात लागलो. ठोकलेल्या गाड्यांचा पत्रा हातोडीने परत जागेवर आणायचा, हे काम. आमच्या उस्तादची एक रीत होती. काम झालं की तो गाडी समोरून बघायचाच नाही. पत्र्याच्या मागे हात घालून बोटांनी चाचपायचा. "आगे तो पुट्टी भी अच्छी दिखती है," म्हणायचा, "पीछे दिखा." मागचे हातोडीचे घाव घासून गुळगुळीत करायचे नाहीत, तसेच ठेवायचे, हा त्याचा नियम. प्रत्येकाचे घाव वेगळे पडतात. मी डावखुरा, त्यामुळे माझे दाट आणि एका अंगाला झुकलेले. अंधारात हात लावूनही उस्ताद सांगायचा, हे तुझं. अंबरनाथच्या शंकराच्या देवळामागे कधी जाऊन बघा. तिथेही दाराइतकंच कोरलंय. कोण जातं बघायला? पण कोरलंय.

माझा एक मित्र कुळगावचा, शाळेत माझ्या बाकावर बसणारा. तो शिकला, इंजिनिअर झाला, न्यू जर्सीला गेला. एक दिवस त्याचा फोन आला.

"भाई, इथे लोक जुन्या गाडीचं छप्पर कापून बुटकं करतात, आत राक्षसासारखं इंजिन घालतात. हॉट रॉड म्हणतात. मी एक घेतलीय, नव्वद वर्षांची म्हातारी. पत्र्याची पार चाळणी झालीय. तू ये. तुझे हात, माझी गाडी. मग दोघं मिळून गावोगावच्या शोला जाऊ. अमेरिका आडवी कापू!"

"आणि तिथे लोकांना माझं काय सांगणार?"

"काय सांगणार म्हणजे? हा माझा भाऊ, याने ठोकून बनवली. अजून काय?"

निघायच्या आधी उस्तादच्या घरी गेलो. त्याचे गुडघे गेलेत, आता तो खाटेवरच असतो. त्याने स्वतःची हातोडी दिली, बाभळीच्या दांड्याची. "मेरा तो अब होगा नहीं," म्हणाला. "वहाँ से फोन पे पीछे का दिखाना, बेटा." मला एवढंच करायचं होतं. त्या गाडीची मागची बाजू उस्तादला दाखवायची, आणि चार लोकांत मित्राने बोट दाखवून म्हणायचं, याने बनवली.

त्याच्या गॅरेजात गाडीचं छप्पर चार बोटं उतरवलं, दोन्ही दारं नव्या पत्र्यातून घडवली. खड्डा बुजवायला कुठेही पुट्टी भरली नाही. काम संपत आलं तेव्हा मित्र म्हणाला, "तू लई राबलास. वहिनी आणि पोरांबरोबर नायगारा बघून ये. दारांना आतून लेदर वगैरे बसवायचंय, ते मी बघतो." मी इतका भारावलो की धबधब्यासमोर उभा राहून घरी फोन लावला. आईला म्हटलं, सख्खा भाऊ एवढं करत नाही.

मग निघालो. गाडीत एसी नाही, इंजिनचा गडगडाट, एकमेकांशी ओरडून बोलायचं. प्रत्येक पेट्रोल पंपावर मी कमरेच्या पिशवीतला पासपोर्ट चाचपायचो. मित्र हसायचा, "अरे येड्या, पासपोर्टला पाय नाही फुटत!" ओहायोत, इंडियानात मैदानांवर शो. गवतावर ओळीने गाड्या, शेजारी खुर्च्या टाकून बसलेली म्हातारी माणसं, भाजलेल्या कणसांचा वास. लोक आमच्या गाडीभोवती थांबायचे, मित्र भराभर इंग्रजीत बोलायचा. मी फडकं घेऊन मडगार्ड पुसत उभा. वाटायचं, आता सांगेल. गर्दी वाढली की सांगेल.

कॅन्ससच्या शोला सकाळी मी उस्तादला व्हिडिओ कॉल लावला. तिकडे रात्रीचं जेवण झालेलं. मित्र कॉफी आणायला गेला होता. मी ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडलं, आतल्या लेदरच्या फळीचे स्क्रू काढले आणि फोन आत धरला.

उस्तादने फोन डोळ्यांजवळ धरला. मग म्हणाला, "बेटा, ये तो काला है. तेरा हाथ किधर है?"

मी हात घातला. आतून डांबरासारखा जाड थर फासलेला होता, एकदम सपाट. एक घाव लागला नाही बोटांना. धावत दुसऱ्या बाजूला गेलो, ते दार खोललं. तिथेही तेच. मी नायगाऱ्याला फोटो काढत होतो तेव्हाचं हे काम.

"बाद में करता हूँ, उस्ताद," म्हणून फोन ठेवला. वर बघितलं तर मित्र परत आलेला, आणि एक म्हातारा अमेरिकन त्याला छपराबद्दल काहीतरी विचारत होता. माझं इंग्रजी कामापुरतं, पण एवढं कळलं. मित्राने स्वतःच्या छातीवर हात ठेवला आणि म्हणाला, सगळं मी, माझ्या या दोन हातांनी. म्हाताऱ्याने त्याचे हात हातात घेतले. मग माझ्याकडे बघितलं. मित्र म्हणाला, कझिन आहे, इंडियातून फिरायला आलाय.

संध्याकाळी बेनच्या मोटेलच्या आवारात आमचं वाजलं.

"आवाज येऊ नये म्हणून मारलं ते," तो म्हणाला. "सगळे मारतात."

"मग मला नायगाऱ्याला कशाला पाठवलंस?"

त्याने आवाराभर नजर फिरवली. मग हळू आवाजात म्हणाला, "तू टुरिस्ट व्हिसावर आहेस. तू काम केलंस असं मी चारचौघांत सांगितलं तर कोण अडकणार? तूच ना? तुझ्यासाठीच गप्प बसलो मी."

माझा हात कमरेच्या पिशवीकडे गेला. मी किती घाबरट आहे हे त्याला शाळेपासून माहीत होतं. पण आपलीच भीती तो आपल्यावर अशी उलटवेल असं कधी वाटलं नव्हतं. "मी पुढच्या शोला येत नाही," म्हटलं. त्याला वाटलं रुसलोय. तसं नाही हे कळल्यावर त्याने माझी बॅग उतरवून आवारातच ठेवली आणि गेला. इंजिनचा गडगडाट बराच लांबपर्यंत ऐकू येत होता. उस्तादची हातोडी डिकीतच राहिली.

बेन दारात उभी राहून हे सगळं बघत होती. नवसारीकडची, केस पिकलेले, अंगात गाऊनवर स्वेटर.

"क्यां ना, भाई?"

"बदलापूर."

"ए क्यां आव्युं?"

"उल्हासनगर, अंबरनाथच्या पुढे. मुंबईपासून दीड तास."

"तो मुंबई बोल ने! चाल, पहेला जमी ले."

मी म्हटलं, बेन, माझा व्हिसा, पोलीस आले तर? ती हसायलाच लागली. "पोलीस तो मारे त्यां चा पीवा आवे छे!"

भांडणाचं तिने काही विचारलं नाही. मीच खिचडी खाता खाता सगळं सांगितलं, हातोडीचंही. मग तिने माझ्या ताटात अजून एक पळी कढी ओतली. न्यू जर्सीला माल घेऊन जाणाऱ्या तिच्या पुतण्याच्या ट्रकची वाट बघत मी तिथे राहिलो. परतीचं तिकीट माझ्याकडे होतंच. मोटेलमागे तिची जुनी पिकअप असायची. ड्रायव्हरच्या बाजूचं दार आत चेपलेलं, दोरीने बांधलेलं. बेन रोज दुसऱ्या बाजूने चढायची आणि कण्हत सीटवरून सरकत स्टिअरिंगपर्यंत जायची. मी दाराच्या मागे हात घालून बघितलं. नीट ठोकलं तर येणारं काम होतं. पण हातात हातोडी नव्हती.

बदलापूरला परत आल्यावर उस्तादला सगळं सांगितलं. तो रागावला नाही. हातोडीचंही काही म्हणाला नाही. फक्त विचारलं, "उस औरत का दरवाजा कौन करेगा?"

मी करीन. अंबरनाथच्या लोहाराकडे नवी हातोडी सांगितलीय. दांडा बाभळीचाच, माझ्या डाव्या हाताच्या मापाचा. कधी जमेल माहीत नाही. व्हिसा पुन्हा मिळेल का, या विचाराने आत्ताच पासपोर्ट काढून चाचपतो. पण बेन, एक दिवस येईन. तुमचं दार असं बसवीन की एका बोटाने लागेल. आणि आतून काही फासणार नाही.