मंगकाकू

कुठलीही गोष्ट सरळ शेवटापर्यंत सांगून टाकणं मंगकाकूंना जमतच नसे. राजा रानात वाट चुकला, इथवर आल्या की त्या थांबायच्या, चष्मा कपाळावर सरकवायच्या आणि समोर बसलेल्या बायकांकडे बघत म्हणायच्या, "मंग?" या 'मंग'ला उत्तर मिळाल्याशिवाय राजा रानातून हलायचा नाही. चुडावा स्टेशनाजवळच्या आमच्या खेड्यात त्यांचं खरं नाव रेशनकार्डापुरतंच उरलं होतं. माझ्या त्या नात्याने काकू नव्हत्या. त्यांची आणि आमची भिंत एक, एवढंच नातं. पण माझं अर्धं लहानपण त्या भिंतीच्या पलीकडेच गेलं.

श्रावणात दुपारी त्यांच्या ओसरीवर पोथी लागायची. आमच्याकडे पोथीला दोन माणसं लागतात. एकानं ओवी वाचायची आणि दुसऱ्यानं तिचा अर्थ सांगायचा. अर्थ सांगणाऱ्याला सूचक म्हणतात. मारुतीच्या देवळात पुरुषांची पोथी चाले, तिथले सूचक खणखणीत अर्थ सांगत आणि मंडळी खांबाला टेकून निवांत डुलक्या काढत. काकूंच्या ओसरीवर ती सोय नव्हती. वाती वळत बसलेल्या किंवा सुपात तूर निवडत बसलेल्या कुठल्या बाईवर कधी सवाल येऊन पडेल, याचा नेम नसे. शाळेत असल्यापासून त्यांची वाचक मी. घाईत वाचलं की त्या मला थांबवायच्या. "ओवी गिळू नको वं सुमे. चावून वाच. आमाला बी चव कळू दे."

एक प्रसंग मी विसरूच शकत नाही. तहानेनं व्याकूळ झालेला राजा एका झोपडीपाशी येतो. आत एकटी बाई, कडेवर लेकरू आणि घागरीच्या तळाला घोटभर पाणी. काकू थांबल्या. "मंग? दील का ती पाणी?" कुणी म्हणालं, राजा आहे म्हटल्यावर द्यावंच लागेल. कुणी म्हणालं, राजा आहे हे तिला काय ठाऊक? लेकराचं काय, यावर दोघींची चांगलीच जुंपली. पायरीशी मुक्ता बसलेली होती. दिवाळी झाली की ती नवऱ्याबरोबर ऊसतोडीला जायची, आणि गावात असतानाही फारशी बोलायची नाही. ती एकदम म्हणाली, "दील काकू. आमी फडावर जातोत तवा कुणाच्या दारात पाणी मागाया गेलं की लोक आधी घागर झाकतेत. ती बाई बी कवातरी गेली आसंल मागायला. तिला ठावं हाय."

सगळ्यांचे हात थांबले. काकूंनी त्या दिवशी पोथीतला अर्थ सांगितलाच नाही. "आता ह्याच्या म्होरं मी काय सांगू?" एवढंच म्हणाल्या आणि मला पुढची ओवी वाचायला लावली.

श्रावण संपला तरी बायका यायच्याच. पोथी नसली की वर्तमानपत्र, तेही नसलं की कुणाच्या माहेरचं गाऱ्हाणं. काका गेल्यापासून काकू एकट्याच राहत. मुलगा पुण्याला, दर दिवाळीला त्यांना न्यायला येणार आणि दर दिवाळीला हात हलवत परत जाणार. "भरली वसरी सोडून कशी येऊ रं बाबा?" या त्यांच्या उत्तरापुढे त्याचं काही चालत नसे. त्या ओसरीच्या बळावरच काकू गावात टिकून होत्या, हे त्यालाही कळत होतं आणि मलाही. कळत असूनही मी पुढे जे केलं, ते केलं.

हार मानून मुलानं त्यांना मोबाइल दिला. तो त्यांनी आपल्याच पद्धतीनं वापरला. सकाळी कुणी गुलाबाचं चित्र आणि 'शुभ सकाळ' पाठवलं की काकू त्याला फोनच लावायच्या. "तुजं फूल आलं. मंग? आज काय इशेष?" समोरचा बिचारा ऑफिसला निघालेला असायचा. चार-पाच जणांनी फुलं पाठवणं बंद केलं, तेव्हा काकू मला म्हणाल्या, "लोकायला बोलायचंच नसतंय, तर हाक कामून मारतेत?"

मी परभणीत नोकरीला लागले आणि लिहायलाही लागले. दिवाळी अंकात माझा पहिला लेख छापून आला तो घेऊन मी मोठ्या तोऱ्यात गावी गेले आणि ओसरीवर बसून वाचून दाखवला. गावातल्या एका भांडणावरचा होता. बायकांनी मान डोलावली. काकू मात्र मध्येच म्हणाल्या, "मंग? तू काय केलीस तवा?" मी म्हणाले, मी नुसती बघत होते. "मंग त्ये बी लिव की. समद्या गावाचं लिवलीस आन् सोता कुठं दडलीस?" मला राग आला होता. पण त्यानंतर काहीही लिहून झालं की तो प्रश्न कानात वाजतो, आणि बहुतेक वेळा लेख फाडावा लागतो.

पुढे माझं गावी जाणं कमी होत गेलं. वाचणंही बदललं. पूर्वी पुस्तक घेऊन बसायचे, आता भाजी चिरताना इअरफोनमधून कानात कुणीतरी वाचत असतं आणि माझं अर्धं लक्ष कुकरच्या शिट्टीकडे असतं. त्यातूनच ती कल्पना डोक्यात आली. काकूंचं वय झालं होतं, खोकला मागे लागला होता. हा आवाज, ही सांगण्याची रीत जपून ठेवायला हवी, असं मला मनापासून वाटलं. आणि खरं सांगायचं तर, जपून ठेवणारी मी असावी, असंही वाटलं.

उन्हाळ्याच्या सुट्टीत मी फोन आणि छोटा माइक घेऊन गेले. बांगड्या वाजतात, लेकरं रडतात म्हणून बायकांना येऊ नका असं सांगितलं. ओसरीवर रेल्वेचा आवाज येतो म्हणून आतल्या खोलीत बसलो, दार लावलं, पंखा बंद केला. काकू घामानं निथळत होत्या. "कुणाकडं बगून सांगू वं?" त्यांनी विचारलं. मी म्हणाले, "माझ्याकडं बघून सांगा." आणि मी स्वतः फोनवर सरकणाऱ्या आकड्यांकडे बघत बसले.

झोपडीची ओवी आली. मी वाचली. काकू सवयीनं थांबल्या, चष्मा वर सरकवला. "मंग?" खोलीत उत्तर द्यायला कुणीच नव्हतं. मी हातानं खूण केली, पुढे चला. त्या क्षणभर घुटमळल्या. मग वर्गात उभं केलेल्या मुलीसारख्या म्हणाल्या, "तिनं पाणी दिलं, कारण तिच्या मनात आपपरभाव नव्हता." किती स्वच्छ, किती नेटकं! मी खूश झाले. परभणीला येऊन मी सगळे 'मंग' आणि त्यांच्या मागची शांतता कापून टाकली. आता रोज थोडं थोडं ऐकता येईल असे सुबक भाग तयार झाले.

गावाच्या ग्रुपवर टाकले तेव्हा कौतुकाचा पाऊस पडला. नांदेडच्या लेकी, पुण्या-मुंबईची पोरं, कुणाकुणाचे निरोप आले. मी त्यावर लेखही लिहिला. गावातल्या म्हातारीचा आवाज मी कसा जगभर पोचवला, असा त्याचा थाट होता. लोकांनी वाहवा केली. मी ती घेतली.

पुढच्या श्रावणात एका सोमवारी दुपारी गेले. ओसरीवर सतरंज्या अंथरलेल्या, पाण्याची कळशी भरून ठेवलेली, पाटावर पोथी. आणि काकू एकट्या. समोरच्या घरातून त्यांचाच आवाज येत होता. भाकरी थापण्याच्या तालावर कुणीतरी त्यांना ऐकत होतं.

"येतच न्हाईत का कुणी?" मी विचारलं.

"येऊन काय करतेत? समद्याच्या घरात मी हायच की." काकू हसल्या. "मला तू लोणच्यावानी बरणीत भरलीस बग. लागंल तसं काढून घ्यायलेत. ताजी भाजी कोण करतंय मंग?"

चेष्टाच होती ती. त्यांनी कधी टोचून बोलल्याचं मला आठवत नाही. पण मला तिथे बसवेना. मी तशीच उठले आणि घरोघर फिरले. बायका ओशाळल्या. "आवो ताई, काकूला इसरलो न्हाई आमी. रोज ऐकायलोत. पर कामं आटपत ऐकता येतंय ना," असं प्रत्येकीचं म्हणणं. त्यात खोटं काहीच नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली आणि सगळ्यांना हाताला धरून आणलं. मुक्ताही आली. ओसरी पुन्हा भरली. काकूंचा चेहरा असा उजळला की मला वाटलं, निस्तरलं आपण.

मी मुद्दाम तीच झोपडीची ओवी काढली. पूर्वीसारखीच चावून वाचली. काकूंनी चष्मा कपाळावर सरकवला, एकेकीकडे बघितलं आणि विचारलं, "मंग? दील का ती पाणी?"

कुणी वाद घातला नाही. दोघीतिघी एका सुरात म्हणाल्या, "तिनं पाणी दिलं, कारण तिच्या मनात आपपरभाव नव्हता." त्यात मुक्ताही होती. आणि सगळ्या कौतुकानं काकूंकडे बघू लागल्या, बरोबर आलं ना म्हणून.

काकू मुक्ताकडे वळल्या. "तू दुसरं काई म्हणाली हुतीस ना गं कवातरी?"

"म्या?" मुक्ता लाजली. "त्ये आपलं उगंच काईतरी आसंल, काकू. फोनमदी तुमी खरं सांगितलंय की."

काकूंनी पोथी मिटली, लाल कापडात बांधली. "समदं पाठ झालंय तुमाला. लय चांगलं झालं," म्हणाल्या आणि बायकांना गूळ-शेंगदाणे दिले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आवाज जपताना मी मुक्ताचं बोलणं पुसलं होतं, आणि हे तिथे काकूंखेरीज कुणाला कळलंही नव्हतं. बायकांच्या फोनमधलं ते नेटकं उत्तर आता परत कसं काढणार? त्या दिवाळीला मुलगा न्यायला आला, तेव्हा काकूंनी नाही म्हटलं नाही.

गेल्या महिन्यात कामानिमित्त पुण्याला गेले होते. त्यांच्याकडे जायचं मी टाळत होते, पण शेवटी गेले. दुपारची वेळ. मुलगा-सून कामावर. दार उघडून काकू परत सोफ्याच्या कडेला जाऊन बसल्या. मांडीवर फोन, आणि फोनमध्ये त्यांचाच आवाज. "बस वं सुमे. एवढं होऊ दे," म्हणाल्या. आम्ही दोघी ऐकत बसलो. तो भाग संपला तशा त्या माझ्याकडे वळल्या.

"लय नीट सांगती बग ही बाई. आवाज बी चांगला हाय. पर मला काई इचारतच न्हाई."

मी फोन उचलून बंद केला. "काकू, माझं चुकलं," मी म्हणाले.

"चुकलं की," त्या सहज म्हणाल्या. रागावल्याही नाहीत.

"पोथी कुठंय? मी वाचते. तुम्ही सांगा."

"गावाकडंच ठिवली. हिथं कुणाला सांगायची?" खिडकीबाहेर समोरच्या इमारतीच्या बंद काचा दिसत होत्या. त्यांनी माझ्या हातातल्या फोनकडे बोट दाखवलं. "बंद कामून केलीस? दुपार सरत न्हाई वं हिथं. लाव परत."

मी परत लावला.