मासीमांच्या घरातल्या लक्ष्म्या

कोजागिरीचं दूध आटायला ठेवलं, की मला केशराआधी जुन्या रद्दीचा वास येतो.

कोलकात्यात बेहालाला आमच्या शेजारच्या मासीमांचं घर छतापर्यंत सामानाने भरलेलं होतं. लेकीने शेवटी ते उपसायला सफाई कंपनीची माणसं बोलावली. मी मासीमांचा हात धरून बसले होते. वर्तमानपत्रांचा शेवटचा गठ्ठा हलला आणि मागची भिंत झळाळली. दर कोजागिरीला पुजलेल्या, लक्ष्मी रंगवलेल्या मातीच्या थाळ्या, खालपासून वरपर्यंत! त्या माणसांनी कुणी न सांगता बूट काढले.

"नवी आली की जुनी गंगेत सोडतात गं," मासीमा पुटपुटल्या. "मला एकीलाही निरोप देववला नाही."

तेव्हा मला नुसते रंग दिसले. आता डोळे आठवतात. त्या रद्दीमागे इतकी वर्षं सगळ्या टक्क जाग्या होत्या.