नऊवारीत न मावणारा देवमासा

नागपूरच्या माणसाने देवमाशांच्या मागे लागावं हा तसा आगाऊपणाच. आम्ही देशाच्या मधोमध, समुद्र कुठूनही लांबच. पण मी शाळेत चित्रकला शिकवते आणि गेले काही महिने माझ्या पेन्सिलीतून देवमासे नि डॉल्फिन सोडून काही उतरतच नव्हतं. मला ते हातमागावर विणायचे होते.

आमचं घराणं उमरेडच्या विणकरांचं. बाबा तरुणपणी मागावर बसत, मग नागपुरात कारकुनी केली, आता शहराच्या कडेला, बेसाला माझ्याकडे असतात. उमरेडच्या घरात त्यांचा माग अजून उभा आहे. आमच्यात मुली धोट्यात घालायच्या कांड्यांवर सूत भरतात, मागावर बसत नाहीत. मला मात्र तिथेच बसायचं होतं. मोठ्या उत्साहाने मी लुगड्याच्या काठाचा आलेख काढला, त्यात काठाच्या रुंदीत उड्या मारणारे डॉल्फिन. बाबांना हसू आवरेना.

"काठ कापडाच्या लांबीनं चालते वं. नेसल्यावर हे सारे शेपटीवर उभे राहतीन." मग गंभीर होऊन म्हणाले, "अन् जे मी पाह्यलंच नाही, ते मागावर उतरवू कसं?"

झालं! त्याच आठवड्यात तिकिटं काढली. नागपूरहून कोकणात थेट गाडी जाते, कुडाळला उतरायचं. प्रवास लांबलचक आहे, डबा भरपूर घ्या. पुढे मालवणपर्यंत एसटी किंवा रिक्षा. आम्ही एका घरगुती खानावळीच्या वरची खोली घेतली, स्वस्त आणि स्वच्छ. बांगड्याचं कालवण अप्रतिम होतं, पण बाबांनी खिशातून भिवापुरी तिखटाची पुडी काढलीच. मालकीणबाईंनी कौतुकाने चिमूटभर चाखलं आणि दोन वाट्या सोलकढी प्यायल्या.

होडीचा माणशी दर आधी ठरवा, लाइफ जॅकेट मागून घ्या आणि वारा सुटायच्या आत निघा. पावसाळ्यात होड्या बंद असतात. आम्ही सकाळीच निघालो. बाबांनी समुद्र पहिल्यांदाच पाहिला होता, दोन्ही हातांनी फळी धरून बसले होते. बरंच आत गेल्यावर होडी चालवणाऱ्या तांडेलाने इंजिन बंद केलं.

"आता गप रवा," तो म्हणाला. "ते आपणहून येतले."

आणि आले! करडी, ओली पाठ वर आली, लगेच दुसरी, पलीकडे तिसरी. आनंदाने मी अक्षरशः किंचाळले. फोन काढेपर्यंत पाणी परत सपाट. अख्खा डॉल्फिन काही दिसला नाही. बाबांनी फळी केव्हाच सोडली होती. मांडीवर त्यांची बोटं हलत होती.

"पाठच दाखवून राहिले," ते म्हणाले. "मंग आपुन पाठच विणू."

जिवंत देवमासा दिसणं नशिबाचं काम, आम्हाला दिसला नाही. पण तांडेलाच्या गावातल्या देवळाच्या आवारात एक भलीमोठी बरगडी आहे, फार पूर्वी किनाऱ्याला लागलेल्या देवमाशाची. बाबांनी ती कापड मोजावं तशी वितींनी मोजली आणि विचारलं, "पुरा मासा केवढा असन?" तांडेलाने देवळाच्या दारापासून पार विहिरीपर्यंत बोट फिरवलं. बाबा तेवढं अंतर चालून आले.

"नऊवारीत मावत नाही," ते म्हणाले. इतके खूश मी त्यांना निवृत्तीच्या दिवशीही पाहिलं नव्हतं.

परतीच्या गाडीत बेत ठरला. देवमाशाची पाठ, तोंडापासून शेपटीपर्यंत खऱ्या लांबीची, एकापुढे एक लुगडी जोडून. निळा कोणता, सूत कुठून आणायचं, बाबा थांबेचनात. विणणार कोण, हे मात्र ते बोलत नव्हते आणि विचारायचा मला धीर होत नव्हता. नाही म्हणाले असते तर माझा सगळा उत्साह कागदावरच राहिला असता.

सूत आलं, मागावर उभ्या धाग्यांचा ताणा चढला. त्या दिवशी उमरेडला बाबा मागाकडे गेलेच नाहीत. चरख्यापाशी खाली बसले आणि कांडी भरायला घेतली. मी दारातच थबकले.

"उभी काहून राह्यली? बस मागावर," ते म्हणाले. "तोंड तूच विण. शेपटीपर्यंत मी पुरतो का नाही, कोणाले मालूम."

मी बसले. पहिला धोटा टाकताना रडू येत होतं. आजवर वीतभर नाक झालंय. कडा थोडी वाकडी आलीये, ती उसवू का म्हटलं तर बाबा नको म्हणतात आणि पुढची कांडी हातात देतात.