पायताणांची राखण

कोल्हापूरची मंडळी मालवणचा किल्ला बघायला निघाली, की गाडीवर ड्रायव्हर आकाराम. गगनबावड्याचा घाट उतरायचा, कोकणातल्या वळणांवरनं गाडी न्यायची, आणि मालवणच्या वाळूत पोचलं की पायताणं राखत बसायचं. किल्ला पाण्यात. होडीत चढायला गुडघाभर पाण्यात उतरावं लागे, आणि खाऱ्या पाण्यात कोल्हापुरी पायताण भिजलं की कामातनं गेलं. ‘आकाराम, बघ रं जरा,’ म्हणत मंडळी होडीत बसत. मागं हा एकटा, उन्हात, ढिगाशेजारी. इतकी वर्षं मालवणच्या खेपा केल्या, पण किल्ल्याला पाय लागला न्हाई!

अठ्ठ्याहत्तर साली त्याचं डोकंच फिरलं. मालकाची गाडी मागून घेतली, बायकोला घेऊन स्वतःच किल्ला बघायला निघाला. झुंबरबाईच्या पायात नवी पायताणं बघून तो खेकसला, “काढ ती! अनवाणी चल.” स्वतःचीही दारातच भिरकावली.

“खूळ लागलंय काय तुमास्नी?” म्हणत ती वाटभर फणफणत राहिली.

मालवणात झुंबरबाई होडीत बसली. आकारामनं विजार दुमडून पाण्यात एक पाय टाकला, तेवढ्यात मागनं हाक आली. त्याचं जुनं गिऱ्हाईक, अप्पा वकील. या खेपेला स्वतःची गाडी चालवत आलेले, सगळं कुटुंब बरोबर, आणि प्रत्येकाच्या हातात पायताणं.

“आकाराम! बरं झालं भेटलास की!”

आकारामचा पारा चढला. तो तोंड उघडणार, तोच होडीतनं झुंबरबाई म्हणाली, “ठेवा की पावणं. त्यास्नी सवय हाय.”

आणि होडी सुटली.